महाधमनीचा फुगवटा : ओळखावा कसा, मोजावा कसा?

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात दिलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडी भर घालून)



आरोग्यावर बोलायला मला उभे केले, तेव्हा आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की बी. ए., बी. एड. झालेला, वर्गात इतिहास नि मराठी शिकवणारा हा मास्तर डॉक्टरकीवर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी कोणाला औषध सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. परंतु डॉक्टरांच्या तोंडचा एखादा अवघड शब्द आपल्या भाषेत सोडवून सांगणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि आजचा शब्द तसाच आहे. शब्द आहे ॲन्युरिझम. पोटातल्या मोठ्या नसेचा हा फुगवटा वर्षानुवर्षे काहीही न बोलता वाढत राहतो, आणि बोलतो तेव्हा फार थोडा वेळ हाती उरलेला असतो. म्हणून तो दुखण्याआधी शोधावा लागतो. कसा शोधतात, कसा मोजतात आणि त्या मापाचा अर्थ काय, एवढेच मला सांगायचे आहे.

प्रथम ही नस कोठे असते ते पाहू. विद्यार्थी मित्रांना हृदयाची आकृती आठवत असेल. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून शुद्ध रक्त घेऊन जी जाड नळी बाहेर पडते, ती महाधमनी. जुन्या पुस्तकांत तिला महारोहिणी म्हणत. डॉक्टर तिला ॲओर्टा म्हणतात. ही नळी छातीत छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला टेकून खाली पोटात उतरते. वाटेत यकृताला, आतड्यांना आणि दोन्ही मूत्रपिंडांना फांद्या देते आणि बेंबीच्या आसपास दोन भागांत फाटून दोन्ही पायांकडे जाते. मोठ्या माणसाच्या पोटात तिची जाडी साधारण २ सेंटिमीटर असते, म्हणजे आपल्या अंगठ्याएवढी.

आता सायकल आठवा. टायर एका जागी फाटले की आतली ट्यूब त्या भोकातून फुगा काढते. ट्यूब अजून फुटलेली नसते, सायकल चालतही असते. पण जाणता माणूस त्या सायकलवर बसत नाही. महाधमनीचे तसेच होते. तिच्या भिंतीतील लवचीक धागे वयाने, तंबाखूच्या धुराने, वाढलेल्या रक्तदाबाने कमजोर होतात. हृदयाचा प्रत्येक ठोका त्या कमजोर जागेवर आदळतो आणि जागा हळूहळू फुगते. बहुतेक वेळा ती मूत्रपिंडांच्या फांद्यांच्या खाली फुगते. जाडी ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाली की तिला ॲन्युरिझम म्हणायचे, असा सर्वसाधारण संकेत आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना ठाऊक आहे. रबरी फुगा फुगवताना पहिल्या फुंकेला गाल दुखतात, पण एकदा तो फुगू लागला की पुढची फुंक सोपी जाते. नळी जितकी रुंद, तितका त्याच दाबाचा तिच्या भिंतीवरील ताण अधिक, असा पदार्थविज्ञानाचा नियमच आहे. म्हणून लहान फुगवटा सावकाश वाढतो आणि मोठा झालेला भराभर वाढतो. या दुखण्यात सेंटिमीटरला इतके महत्त्व आहे ते यासाठी.

हे कोणाला होते? मुख्यतः साठी-पासष्टी ओलांडलेल्या पुरुषांना, आणि त्यातही ज्यांनी आयुष्यात धूम्रपान केले आहे त्यांना. बिडी दहा वर्षांपूर्वी सोडली असली तरी हिशेबात धरायची. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा फुगवटा असेल तर धोका आणखी वाढतो. गंमत अशी की, रक्तवाहिन्यांची इतकी नासाडी करणारा मधुमेह या एका दुखण्यात मात्र फारसा दोषी नाही. मधुमेही माणसांत हा फुगवटा उलट कमी आढळतो. याचा आनंद मानून कोणी मिठाईचा डबा उघडू नये, मधुमेहाची बाकीची करणी पुरेशी आहे.

वाचकहो, नसेचा फुगवटा वैद्यांना ठाऊक नव्हता असे नाही. अंदलुसचे थोर शस्त्रवैद्य अल्-जहरावी यांचे निधन १०१३ च्या सुमारास झाले. त्यांनी आपल्या ‘अत्-तसरीफ’ या ग्रंथात धमनीपासून उद्भवणाऱ्या सुजेचा विचार केला आहे आणि अशी सूज चिरण्याची घाई न करण्याविषयी वैद्यांना सावध केले आहे. परंतु तो विचार बाहेरून दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या सुजेचा. पोटाच्या आत, कण्याला टेकलेल्या नळीचे काय करायचे, हा प्रश्न विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ अनुत्तरित राहिला.

त्या शतकातील सर्वांत नामवंत रुग्णाचे नाव आपणा सर्वांना माहीत आहे : आल्बर्ट आइन्स्टाइन. त्यांना पोटात वरचेवर दुखे. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन ज्यूइश हॉस्पिटलात डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी त्यांचे पोट उघडले. हे निसेन नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून निघालेले आणि काही वर्षे इस्तंबूल विद्यापीठात शस्त्रक्रियेचे प्राध्यापक राहिलेले. तुर्कस्तानने त्या काळात अशा अनेक विद्वानांना आसरा दिला होता. इतिहासाचा शिक्षक असल्याने हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. असो. पोट उघडल्यावर महाधमनीचा मोठा फुगवटा दिसला. त्या काळी फुगलेला भाग काढून नवी नळी जोडण्याची विद्या हाती आलेली नव्हती. निसेन यांनी फुगवट्याभोवती सेलोफेन कागद गुंडाळला. त्याने आसपास जाड पेशीजाल तयार व्हावे आणि भिंतीला आधार मिळावा, अशी कल्पना. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले.

१९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटू लागला. दरम्यान १९५१ साली पॅरिसमध्ये शार्ल द्युबो या सर्जननी असा भाग कापून दुसरी धमनी जोडून दाखवली होती, म्हणजे शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला होता. आइन्स्टाइन यांना तसे सुचवलेही गेले. त्यांनी नकार दिला, आणि १८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टनच्या रुग्णालयात वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दुखण्याची लक्षणे पित्ताशयाच्या सुजेसारखी होती, म्हणून वैद्यकीय लेखनात अशा फसव्या दुखण्याला आइन्स्टाइनचेच नाव दिलेले आढळते. आइन्स्टाइन पाइप ओढत, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

या हकिकतीत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, १९४८ साली पक्के निदान करण्यासाठी एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचेही पोट उघडावे लागले. पोटातल्या अवयवांची ध्वनिलहरींनी चित्रे घेण्यासंबंधीचा ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा गाजलेला लेख १९५८ सालचा, आइन्स्टाइन यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी आलेला. आज तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचे यंत्र आहे. जे आइन्स्टाइनला मिळाले नाही ते आपल्या मोहल्ल्यातील निवृत्त हमालाला काही मिनिटांत मिळू शकते. तरी ते मिळत नाही, कारण कोणी मागत नाही.

आता तपासणीकडे वळू. पहिले यंत्र म्हणजे डॉक्टरांचे हात. रुग्णाला उताणे निजवून, गुडघे दुमडून पोट सैल करतात. मग बेंबीच्या वर, मध्यरेषेच्या किंचित डावीकडे दोन्ही हातांची बोटे खोल रोवून नळीच्या दोन्ही कडा शोधतात. बोटे नुसती वर उचलली गेली तर ती साधी धडधड. किडकिडीत माणसाच्या पोटात ती निरोगीपणीही जाणवते. परंतु प्रत्येक ठोक्याला दोन्ही हातांची बोटे एकमेकांपासून दूर ढकलली गेली, तर नळी रुंद आहे असा संशय घ्यायचा. तथापि हातावर फार विसंबता येत नाही. १९९९ साली अमेरिकेत यासंबंधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की, ३ ते ४ सेंटिमीटरचे फुगवटे दहापैकी तीनच हाताला लागतात. ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे चारपैकी तीन. सुटलेल्या पोटात तर आणखी कठीण. हाताला लागले नाही म्हणजे नाही, असे म्हणता येत नाही.

येथे एक वाट वाकडी करतो. पोट दुखले की आपल्याकडे म्हणतात बेंबी सरकली. आपल्या घरांतून म्हणतात नाफ टळली. मग एखादी जाणकार बाई किंवा पैलवान बोटाने बेंबीजवळची धडधड शोधतो आणि ती जागेवर नाही म्हणून पोट चोळून बसवतो. ती धडधड या महाधमनीचीच असते. तरण्या पोराचे पोट चोळल्याने बहुधा काही बिघडत नसेल, परंतु साठीच्या माणसाच्या पोटात धडधडणारा गोळा लागत असेल, तर त्याला कोणी चोळू नये, दाबू नये. त्याला सोनोग्राफीला न्यावे.

सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे ती बाळंतपणाची, बायकांची तपासणी असा समज आहे. दारावरची गर्भलिंग निदान न करण्याची पाटी वाचून पुरुष मंडळी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहतात. वस्तुतः या फुगवट्यासाठी तीच पहिली आणि उत्तम तपासणी आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. पोटावर थंड जेल लावून यंत्र फिरवतात आणि पडद्यावर नळी दिसते. नीट दिसली तर फुगवटा क्वचितच सुटतो. अडचण एकच, आतड्यांतील वायू. म्हणून सहा ते आठ तास उपाशी यायला सांगतात. रमजानच्या महिन्यात सहरी करून दुपारी गेलात तर ही अट आपोआप पाळली जाते. जेल कातडीवर लागते, पोटात काही जात नाही. तरी रोजाविषयी शंका असेल तर आलिमांना आधी विचारावे. मात्र पोटात अचानक कळ उठली असेल तर उपाशी आहे की जेवलेला आहे हे पाहत बसू नये.

मापाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण गोंधळ तेथेच होतो. स्वयंपाकघरात गाजर सरळ कापले तर चकती लहान आणि गोल निघते. तिरके कापले तर तीच चकती लांबट आणि मोठी दिसते. म्हातारपणी महाधमनी वाकडीतिकडी होते आणि तिचा छेद तिरका घेतला तर २.५ ची नळी ३ सेंटिमीटरची भासू शकते. म्हणून नळीच्या दिशेला काटकोन धरून माप घ्यावे लागते. शिवाय कोणी भिंतीच्या आतल्या कडेपासून मोजतो, कोणी बाहेरच्या. त्यातही दोन-चार मिलिमीटरचा फरक पडतो. यावरून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात करावी आणि जुना रिपोर्ट बरोबर न्यावा. एका ठिकाणी ४.२ आणि दुसऱ्या ठिकाणी ४.५ आले म्हणून फुगवटा वाढला असे लगेच ठरत नाही, आणि कमी आले म्हणून बरा झाला असेही नाही. हा फुगवटा औषधाने ओसरत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे काम. रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि घरातले बुजुर्ग तो घडी करून कपाटात ठेवतात. तो उघडून वाचा. पोटाच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, प्रोस्टेट यांच्यानंतर बहुधा ॲओर्टाविषयी एक ओळ असते. ‘नॉर्मल’ असेल तर ठीक. आतड्यातील वायूमुळे दिसली नाही असे लिहिले असेल, तर ती पाहिली गेलेली नाही असा अर्थ घ्या. नॉर्मल असा घेऊ नका. ‘एक्टॅटिक’ म्हणजे थोडी रुंदावलेली. आणि ॲन्युरिझम हा शब्द असेल तर त्यापुढचा आकडा सेंटिमीटरमध्ये आहे की मिलिमीटरमध्ये, हे पाहून डॉक्टरांकडे जा. आपल्या शाळेतील दहावीच्या एका मुलाच्या आजोबांची सोनोग्राफी लघवीच्या तक्रारीसाठी झाली होती. सर्वांचे लक्ष प्रोस्टेटकडे. ॲओर्टाच्या ओळीत ४३ मिलिमीटर असे लिहिले आहे हे त्या मुलाने पाहिले आणि मला विचारायला आला. मी त्याला डॉक्टरांकडे पाठवले. आजोबा आता दरवर्षी माप घेऊन येतात आणि त्यांनी बिडी सोडली आहे. नातवाचा त्यांना अभिमान वाटतो. पण बिडीबद्दल त्याच्यावर थोडा रागही आहे.

४.३ सेंटिमीटर असताना शस्त्रक्रिया का केली नाही, असे आपण विचाराल. हाच प्रश्न ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत काळजीपूर्वक तपासला गेला. ब्रिटनमधील अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. त्यात ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या फुगवट्याचे १,०९० रुग्ण होते. अर्ध्यांची लगेच शस्त्रक्रिया ठरवली, उरलेल्यांना नियमित सोनोग्राफीखाली ठेवले. लगेच कापल्याने माणसे अधिक जगली असे दिसले नाही. इतक्या आकाराचा फुगवटा फुटण्याचे प्रमाण वर्षाला शंभरात एकाच्या आसपास होते, आणि त्या काळच्या शस्त्रक्रियेतच महिन्याभरात शंभरात पाच-सहा दगावत होते. अमेरिकेतील १,१३६ रुग्णांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तेथील सर्जनांचा हात अधिक सफाईदार होता, तरी निष्कर्ष तोच निघाला. म्हणून पुरुषांत ५.५ सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. फुगवटा वर्षात १ सेंटिमीटरहून अधिक वाढला, किंवा दुखू लागला, तर आकडा गाठण्याची वाट पाहत नाहीत.

मधल्या काळात किती दिवसांनी मोजायचे, याचे वेळापत्रक देशोदेशी वेगळे आहे. अमेरिकेतील रक्तवाहिन्यांच्या सर्जनांच्या संघटनेने २०१८ साली सांगितले ते असे : ४ च्या आत असेल तर तीन वर्षांनी, ४ ते ४.९ असेल तर वर्षाने, ५ ते ५.४ असेल तर सहा महिन्यांनी. इंग्लंडमध्ये ४.५ च्या पुढे दर तीन महिन्यांनी मोजतात. आपले डॉक्टर सांगतील ते पाळावे. मात्र ‘थांबून पाहू’ याचा अर्थ ‘विसरून जाऊ’ असा कोणी घेऊ नये. या थांबण्याच्या काळात बिडी-सिगारेट बंद आणि रक्तदाबाची गोळी चालू, ही दोन कामे रुग्णाची स्वतःची आहेत. आणखी एक : सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीवाचून सर्रास घेतल्या जातात. असा फुगवटा असणाऱ्यांना त्या जपून द्याव्यात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दिला आहे. तेव्हा जुलाब लागले म्हणून दुकानदाराकडून गोळी मागण्यापूर्वी डॉक्टरांना आपला फुगवटा सांगावा.

मर्यादा गाठली की सी. टी. अँजिओग्राफी करतात. शिरेतून रंगद्रव्य सोडून नळीचे बारीक चित्र काढतात. फुगवटा मूत्रपिंडांच्या फांद्यांपासून किती दूर आहे, मान किती लांब आहे, पायाच्या धमन्या कशा आहेत, हे सर्व त्यात मोजले जाते. त्यापूर्वी रक्तातील क्रिएटिनीन पाहतात, कारण हे द्रव्य मूत्रपिंडांना जाचू शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती सांगावी. हृदयाची आणि फुप्फुसांची तपासणी होते, गुडघ्यामागची नाडीही बघतात, कारण तेथेही असाच फुगवटा असू शकतो. मग पोट उघडून कृत्रिम नळी शिवायची की जांघेतून आत नळी सरकवायची, हे सर्जन ठरवतात. जांघेतून जाण्याची ही दुसरी पद्धत ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदी यांनी १९९० साली प्रथम वापरली. तिच्यात शरीराचे हाल कमी, पण पुढे आयुष्यभर तपासणी करावी लागते. खर्चाचा प्रश्न मोठा आहे. आपली शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते किंवा कसे, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्रांना कागदपत्रे दाखवून आधीच विचारून घ्यावे.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, ते सांगतो. आमच्या मोहल्ल्यात एक बुजुर्ग होते. एस. टी.त आयुष्य घालवलेले, अडुसष्ट वर्षांचे, दिवसाला बिडीचे एक बंडल. एका संध्याकाळी डाव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ गेली. घामाने भिजले, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. गावातल्या एका दवाखान्यात मुतखडा म्हणून इंजेक्शन मिळाले. कळ थोडी थांबली आणि ते घरी आले. पहाटे वुजूसाठी उठले आणि मोरीपाशी कोसळले. जिल्ह्याच्या गावी नेल्यावर सोनोग्राफी झाली तेव्हा पोटात रक्त होते आणि नळी ७ सेंटिमीटरची. शस्त्रक्रियागृहापर्यंत ते पोहोचले नाहीत. त्या दवाखान्याला मी येथे दोष देत नाही. तेथे यंत्र नव्हते, आणि कुशीतली कळ ही शंभरातून बहुतेक वेळा मुतखड्याचीच असते. परंतु साठी उलटलेल्या, बिडी ओढलेल्या पुरुषाला जन्मात पहिल्यांदाच मुतखड्याची कळ आली असेल, तर तो मुतखडा आहे हे सोनोग्राफीने सिद्ध होईपर्यंत मानू नये, असे जाणकार डॉक्टर सांगतात. हे एक वाक्य त्या घरात कोणाला ठाऊक असते, तर मधली रात्र घरात गेली नसती.

फुटलेल्या फुगवट्याची लक्षणे अशी : पोटात, पाठीत किंवा कुशीत अचानक असह्य वेदना, चक्कर, घाम, रक्तदाब उतरणे, पोटात धडधडणारा गोळा. तिन्ही एकत्र नेहमी सापडत नाहीत. थोडे रक्त कण्याजवळ दबून राहते आणि माणूस तास-दोन तास बरा दिसतो. तोच फसवा काळ. अशा वेळी १०८ ला फोन करावा, रुग्णाला आडवे ठेवावे, खायला-प्यायला देऊ नये, पोट चोळू नये. ज्या रुग्णालयात सी. टी. आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन आहेत तेथे फोन करून न्यावे, आणि दारातच ‘महाधमनी बघा’ असे स्पष्ट सांगावे. फुगवटा फुटल्यावर दहापैकी सुमारे आठ माणसे दगावतात, त्यातली बरीचशी रुग्णालयात पोहोचण्याआधी. वेळेवर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतून मात्र बहुतेक जण घरी येतात.

शोधून काढल्याने खरोखर फरक पडतो का? ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वर्षांच्या ६७,८०० पुरुषांवर याची परीक्षा झाली. निष्कर्ष २००२ साली छापून आला. ज्या निम्म्यांना सोनोग्राफीचे बोलावणे गेले, त्यांच्यात या दुखण्याने ६५ मृत्यू झाले. ज्यांना बोलावले नाही त्यांच्यात ११३. ज्यांनी तपासून घेतले त्यांच्यात शंभरी पाच जणांना फुगवटा निघाला. त्यानंतर २००९ पासून इंग्लंडमध्ये पासष्टीच्या पुरुषांना सरकारच पत्र पाठवून बोलावू लागले आणि २०१३ पर्यंत ही योजना देशभर पोहोचली. धूम्रपान घटल्याने तेथे हे प्रमाण आता पुष्कळ उतरले आहे. आपल्या देशात असे पत्र कोणाच्या दारी येत नाही. ते पत्र आपल्यालाच एकमेकांना लिहावे लागेल.

मृत्यू अल्लाहच्या हाती आहे, मग हा खटाटोप कशाला, असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याची माझी पात्रता नाही. परंतु उंटाचा दोर बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपण सर्वांनी लहानपणी मदरशात ऐकली आहे, एवढेच अदबीने सुचवतो. खरी अडचण बहुधा वेगळीच असते. मुलीचे लग्न, मुलाची फी, यात वालिदांच्या पोटाची सोनोग्राफी कोणाला आठवत नाही, आणि दुखत नसताना पैसे घालवायचे हे त्यांना स्वतःलाच पटत नाही. तरी वयाच्या पासष्टीला, आणि घरात कोणाला हे दुखणे असेल तर त्याहून आधी, ज्याने कधी धूम्रपान केले आहे अशा पुरुषाने एकदा तरी हे माप घ्यावे. एकदा नीट मोजलेली नळी पासष्टीला सामान्य निघाली, तर पुन्हा पुन्हा मोजण्याची गरज सहसा पडत नाही. प्रोस्टेटसाठी किंवा पित्तखड्यासाठी सोनोग्राफी होणारच असेल, तर ‘डॉक्टरसाहेब, ॲओर्टाही मोजा’ एवढे म्हणायला निराळा पैसा बहुधा पडत नाही.

भाषणानंतर मागच्या रांगेतून एका भगिनीने विचारले की, हे सर्व पुरुषांचेच सांगितलेत, आमचे काय? प्रश्न योग्य होता, म्हणून उत्तर येथे लिहून ठेवतो. स्त्रियांत हा फुगवटा बराच कमी आढळतो. परंतु जेव्हा होतो तेव्हा तो लहान आकारातही फुटतो, म्हणून त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेची मर्यादा ५ सेंटिमीटरच्या आसपास धरतात. ज्या भगिनीच्या वडिलांना किंवा भावाला हे दुखणे झाले असेल, किंवा जिने स्वतः बिडी, सिगारेट ओढली असेल, तिने साठीनंतर डॉक्टरांशी याविषयी जरूर बोलावे. त्या भगिनीच्या थोरल्या भावाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली आहे, असे तिने नंतर सांगितले. घरात आणखी तीन भाऊ आहेत. तिघांचीही नावे आणि वये मी एका कागदावर लिहून तिच्या हाती दिली आहेत, सोनोग्राफीच्या दिवशी बरोबर न्यायला.